व्याह्यांची फुंकर

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. मुलीचं लग्न ठरवायला आम्ही बदलापूरला, मांजर्लीत, मुलाच्या घरी बसलो होतो तेव्हा माझ्या पँटच्या खिशात दम्याचा पंप होता. आणि समोर बसलेले गृहस्थ, पुढे आमचे व्याही झालेले, म्हणजे स्वतःच्या आजारावर इतका लोभ असलेला माणूस अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात दुसरा नसेल. त्यांनी पोह्यांच्या बशा बाजूला सारून आपला पंप टेबलाच्या मधोमध ठेवला, सत्यनारायणाला सुपारी मांडावी तसा. म्हणाले, "हे बघा पाहुणे, लपवाछपवी नको. आमच्याकडे फुप्फुसं गेलेली आहेत. मुलाची नाही, माझी. सिगारेट मीच ओढली, कारखान्यातल्या धुराला बोल लावत नाही. तुमच्याकडे काही?" मुलीच्या बापाला दमा म्हणजे उद्या मुलीला आणि परवा नातवाला, हे गणित लोक बसल्या जागी मांडतात. मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत म्हणालो, "आमच्याकडे तसलं काही नाही." घरी बायकोलासुद्धा 'ऑफिसातल्या एसीचा खोकला' एवढंच ठाऊक. पंप मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून घेत असे.

व्याह्यांचं मात्र सगळं चव्हाट्यावर. माणसं भेटल्यावर 'जेवलात का' विचारतात, हे विचारतात, "चूळ भरली का?" पंप घेतल्यावर चूळ भरली नाही की तोंड येतं, आणि तोंड आलं की लोक पंपच सोडून देतात, हे दुःख त्यांना स्वतःच्या खोकल्यापेक्षा मोठं. विहीणबाई म्हणतात, "माझा वाढदिवस ह्यांच्या लक्षात राहत नाही, पण कोण चूळ न भरता आलंय ते दारातच कळतं." औषध आणायला ते उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे जात. पाच मिनिटांचं काम, पण परतत दुपारी. श्वासाने ओढायच्या कॅप्सूल कुणी घेतल्या की हे काउंटरच्या कडेने पुढे सरकत आणि विचारत, "गिळणार का ओढणार?" दुकानदार वैतागून म्हणाला, "साईं, आप मेरा गिराइक भगाओगे." पण हेंद्रेपाड्याचे एक आजोबा त्या कॅप्सूल महिनाभर पाण्याबरोबर गिळत होते आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टरला शिव्या देत होते, हे ह्यांनी तिथेच उघडकीला आणलं, तेव्हापासून दुकानात ह्यांच्यासाठी स्टूल ठेवलेलं असे. आमच्या मुलीच्या वरातीत तर त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला मध्येच थांबवून "सोडताना पोट आत घेतोस ना रे?" असं विचारलं. तो घामाघूम होऊन म्हणाला, "काका, वाजवू का सोडू?"

सोडणं, हाच त्यांचा सगळा सिद्धान्त. "लोक म्हणतात श्वास घेता येत नाही. खोटं. सोडता येत नाही. जुना भाडेकरू खोली रिकामी करत नाही, मग नवा राहील कुठे? त्याच्याशी भांडायचं नाही. गोडीगुलाबीने, हळूहळू, ओठ चंबूसारखे करून बाहेर काढायचा." त्यासाठी त्यांच्या हातात कायम बशी. लग्नात, बारशात, अगदी सोसायटीच्या मीटिंगमध्येही ते बशीत चहा ओततात आणि फुंकत बसतात. पाहणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला गरम चालत नाही. चहा केव्हाच निवलेला असतो. बशी रिकामी असली तरी फुंकर चालूच.

त्यांच्या घरी दोन जिने चढावे लागतात. मी नाडीचे बूट घालून जायचो, म्हणजे मधल्या वळणावर वाकून नाडी बांधायचं निमित्त मिळे आणि छाती ताळ्यावर येई. एका थंडीत, सकाळी, वर पोचलो तेव्हा ते एकटेच गॅलरीत बसले होते. उल्हास नदी धुक्यात बुडालेली, पलीकडचा काठ कुणीतरी अर्धवट पुसून टाकल्यासारखा. त्यांनी माझ्याकडे न बघताच चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या हातात दिली. म्हणाले, "पाहुणे, नाडी फार सुटते तुमची. घ्या, फुंका." मी फुंकू लागलो. तेही फुंकू लागले. त्यांची फुंकर लांब, माझी आखूड. थोड्या वेळाने माझीही लांबली. चहाची वाफ, तोंडाची वाफ आणि नदीचं धुकं ह्यांतलं कुठलं कुठे संपतं ते कळेना. छातीतला कुणीतरी हट्टी माणूस वळकटी उचलून निघून गेल्यासारखं वाटलं. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, थंड झाला असेल तो, दुसरा टाकू का?" ह्यांनीच उत्तर दिलं, "राहू दे गं, त्यांना असाच आवडतो."

एवढंच. पुढे कित्येक सकाळी आम्ही तसे बसलो. जाता जाता ते बेसिनकडे बोट दाखवत आणि मी मुकाट्याने चूळ भरून येई. रिक्षावाल्याला, वॉचमनला, बँडवाल्याला जबरदस्तीने आजार समजावणाऱ्या ह्या माणसाने माझ्या आजाराबद्दल मात्र कुणाकडे चकार शब्द काढला नाही. माझी नाडी तेवढी त्यांनी झाकून ठेवली.

आता त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन असतं. दूरवर कुणी पिठाची गिरणी चालवत असावं असा त्याचा आवाज, आणि त्या आवाजात ते बराच वेळ डोळे मिटून असतात. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये फुंकर शिकायला चार-पाच पेशंट अजून येतात, हेंद्रेपाड्याचे आजोबा सगळ्यांच्या आधी. माझी मुलगी त्यांना चहा देते, बशीसकट. परवा व्याही थांबत थांबत म्हणाले, "सांगायला येतं अजून. करून दाखवायला दम उरला नाही. तोंडाने सांगून नाही हो शिकत माणसं. कुणीतरी करून दाखवायला हवं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आजोबांकडेही नाही. बशीकडे पाहिलं. मीही माझ्या बशीकडे पाहिलं आणि फुंकत राहिलो. सगळे गेल्यावर जिना उतरताना मला दम लागलेला नव्हता, तरी मधल्या वळणावर नाडी बांधायला वाकलो.

मी त्यांचं एक देणं लागतो. एका रविवारी, त्या चार-पाच जणांसमोर आणि माझ्या मुलीदेखत, खिशातला पंप टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि म्हणायचं, "आमच्याकडेही आहे."