डाळिंब पिकेपर्यंत

आमच्या मंगळवार पेठेत कुणाच्याही परड्यात काही लावायचं झालं की आधी कालिंदीकाकूंना बोलावणं जायचं. खड्डा कुणीही खणावा, शेणखत कुणीही आणावं, पण रोप मातीत ठेवायचं ते काकूंनीच. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळी पेठ म्हणायची, आणि आमची पेठ एरवी कुणाला सहजासहजी चांगलं म्हणत नसे. शेजारची म्हशीवाली अंबूबाई तर छातीठोकपणे सांगायची, "काकूंनी वाळली काटकी रोवली तरी फुटतीया. म्या बघितलंय की!" तिनं काहीच बघितलेलं नव्हतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

मी एकोणीसशे पन्नास साली लग्न होऊन कोल्हापुरात आले. घर माझ्या सासूबाईंचं. त्यांना घरीदारी सगळे अक्का म्हणत. माझे यजमान लहान असतानाच त्या विधवा झाल्या होत्या आणि त्यांनी एकटीनं घर राखलं होतं. पुढच्या दोन खोल्यांत कालिंदीकाकू आणि त्यांचे यजमान त्र्यंबकराव भाड्यानं राहत. त्र्यंबकराव ट्रेझरीत कारकून. मूलबाळ नव्हतं.

भाडेकरूच्या वाट्याला दारापुढची फरशी आणि पायऱ्या आल्या होत्या, माती मूठभरसुद्धा नाही. म्हणून काकूंची स्वतःची बाग डब्यांत होती. त्र्यंबकराव स्वभावानं इतके भिडस्त की किराणा दुकानात उधारी सोडाच, सुटे पैसे परत मागायलाही लाजत. पण बायकोसाठी रिकामे डबे मात्र मागून आणत. कोट, टोपी आणि काखेत घासलेटचा रिकामा डबा अशा थाटात ते महाद्वार रोडवरून चालत यायचे. त्यांना मोगऱ्याच्या वासानं शिंका येत. भर उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावून ते मोगऱ्याला पाणी घालत, आणि काकू आतून ओरडत, "अहो, मुळाशी घाला, फुलांवर नको!"

मागचं परडं अक्कांचं. पण अक्कांनी ते कधीच काकूंच्या स्वाधीन करून टाकलं होतं. देवाची फुलं माझी, बाकी तुझं, असा सौदा. काकूंनी तिथं काय लावलं नव्हतं! तगर, जास्वंद, जाई, कढीलिंब, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ, विहिरीच्या कडेला केळ. आणि मधोमध, जिथं सकाळपासून ऊन यायचं तिथं, डाळिंब.

कुणी रोप मागायला आलं की काकू लगेच देत नसत. आधी चौकशी. घरात खाणारी तोंडं किती, फुलं माळणाऱ्या किती, खोकणारं कोण आहे? मग सांगायच्या, तुम्ही शेवगा लावा, तुम्हाला अबोली पुरे, तुमच्याकडं म्हातारं माणूस आहे तर अडुळसा पाहिजेच. गल्लीच्या तोंडाशी एक पैलवान राहायचा. त्याला गुलाब हवा होता. काकूंनी त्याला गवती चहा दिला आणि वर सांगितलं, "गुलाबाला रोज बघावं लागतं. तुम्ही तालमीतून येणार कधी आणि बघणार कधी?" एवढा मोठा गडी, मुकाट्यानं गवती चहा घेऊन गेला. मलाही नवी नवरी म्हणून गुलाबाची हौस होती. मला म्हणाल्या, "तुला दम नाही, श्यामे. आधी अबोली कर." मला राग आला. पण दम नाही हे खरंच होतं, अजूनही नाही.

काकूंचा दम वेगळाच. त्या कळी कधी तोडायच्या नाहीत, कच्चं फळ कधी उतरवायच्या नाहीत. डाळिंबाचा तुरा आत मिटत आला, कडा चपट्या झाल्या, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं, मगच हात लावायचा. तोवर खारीपासून जपायला फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधलेल्या असायच्या. त्यांचं माहेर नृसिंहवाडीचं. लोक वाडीहून पेढे आणतात, कवठाची बर्फी आणतात. काकू पूर ओसरल्यावर नदीकाठचा गाळ आणायच्या. एकदा एस.टी.च्या कंडक्टरनं पिशवी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. तो सगळा गाळ त्या डाळिंबाच्या बुडाशी गेला.

ती डाळिंबं कशासाठी होती हे मला समजायला वर्ष गेलं. गल्लीत कुणा लेकीसुनेची ओटी भरायची असली की निरोप यायचा, घरचं डाळिंब द्या. काकू सगळ्यात मोठं निवडायच्या, पदरानं पुसायच्या आणि अक्कांच्या किंवा माझ्या हातात द्यायच्या. स्वतः जात नसत, कारण त्यांना बोलावणं नसे. ज्या बाईच्या हातानं लावलेलं झाड हमखास जगतं असं सगळी पेठ मानायची, तिच्या हातानं ओटी भरून घ्यायला मात्र पेठेतली एकही बाई तयार नव्हती. मूल नसलेल्या बाईनं गरोदर बाईची ओटी भरायची नाही, असा दंडक. हा कुठला न्याय, मला तेव्हाही समजला नाही.

मी कार्यक्रमाहून परत आले की काकू दाराशीच उभ्या असायच्या. "कुणी घातलं गं डाळिंब ओटीत? नीट ठेवलं ना? खाली नाही ना पडलं?" सगळं विचारून घ्यायच्या. एका सकाळी डाळिंबाला आळं करता करता, माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "एकदा तरी भरावीशी वाटते बघ कुणाची तरी. एकदाच. तांदूळ ओंजळीतून खाली जाताना कसे लागत असतील हाताला?"

मी एकवीस वर्षांची, तोंडाळ. मी म्हटलं, "माझी भरा की तुम्ही. मी सांगते अक्कांना." त्यांनी मान वर करून बघितलं. तो चेहरा मी विसरलेले नाही.

पुढच्या वैशाखात माझं डोहाळजेवण ठरलं. मला वाटत होतं, अक्का नाही कशाला म्हणतील? देवाची फुलं त्यांना या बाईच्या हातची चालतात, चटणीचा कढीलिंब चालतो. मी विषय काढला तेव्हा अक्का तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "झाडाचं वेगळं, पोराचं वेगळं. काही कमीजास्त झालं तर जन्मभर त्या बिचारीच्या माथी येईल. तुला कळत नाही, गप्प बैस."

मी रडले, जेवले नाही. काकूंनीच माझी समजूत काढली आणि फुलांची वाडी करायला बसल्या. मोगऱ्याच्या कळ्या, मधून अबोली. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हातातली कंकणं. ओसरीवर परातभर कळ्या घेऊन दिवसभर ओवत होत्या, आणि शेजारी त्र्यंबकराव शिंकत शिंकत दोरा तोडून देत होते. सगळा साज त्यांनी स्वतः माझ्या अंगावर चढवला. हनुवटीला हात लावून बघितलं. पाट मांडला गेला, बायका जमायला लागल्या, तशा त्या परड्यात निघून गेल्या.

मी पाटावर बसले होते तिथून मागचं दार सरळ दिसत होतं. पाच सवाष्णी एकामागून एक पुढं येत होत्या. अंबूबाई आली, तिची सहा पोरं गल्लीत धिंगाणा घालत होती. तेवढ्यात अक्का उठल्या. त्या विधवा, तेव्हा ओटी भरण्याचा प्रश्न त्यांच्याही बाबतीत नव्हता. त्या परड्यात जाऊन काकूंच्या शेजारी धुण्याच्या दगडावर बसल्या. बायकांचं गाणं जरा थांबलं तेव्हा मला दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"मला तरी कुठं भरता येतीय, कालिंदे? एकुलत्या एका लेकाची बायको."

"पण तुमची एकदा भरलेली तरी आहे, अक्का," काकू म्हणाल्या.

दोघी तशाच डाळिंबाकडं तोंड करून बसून राहिल्या. माझ्या पदरात तांदूळ पडत होते आणि माझं सगळं लक्ष त्या दोन पाठींकडं होतं.

मला मुलगा झाला. काकूंनी त्याला अंगाखांद्यावर खेळवला, परड्यातल्या मातीत लोळवला. अक्का तीन वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात त्यांना ओव्याच्या पानांचा काढा लागायचा आणि तो काकूंच्याच हातचा लागायचा.

अक्का गेल्यावर दुसऱ्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. दुसऱ्या खेपेला कुणी डोहाळजेवण करत नाही. पण ओटी भरायला कार्यक्रमच कशाला पाहिजे? आता घरात मला गप्प बस म्हणणारं कुणी नव्हतं. सातवा लागल्यावर मार्गशीर्षात एका शुक्रवारी मी पुढच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "काकू, मागं राहिलेली ओटी आज भरा."

त्या गहू पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. आधी नको म्हणाल्या, मग लोक काय म्हणतील म्हणाल्या, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्र्यंबकराव ऑफिसला निघाले होते. दारातच थांबून म्हणाले, "भरा हो. मी येताना खण घेऊन येतो. हिरवा आणू की डाळिंबी?" इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मग काकू मला घेऊन परड्यात आल्या. झाडावर पिशव्या बांधलेली चांगली भरलेली फळं होती. मी म्हटलं, हे घ्या, हे मोठं आहे. त्यांनी पिशवी सोडली, टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली.

"अजून बद्द वाजतंय. पंधरा दिवस दे त्याला, श्यामे. एवढी वर्षं गेली, तर पंधरा दिवसांनी काय होतंय? माझ्या हातची पहिली ओटी, त्यात अर्धं कच्चं फळ घालू होय? पुढचा सोडून त्याच्या पुढचा शुक्रवार धर."

मी हट्ट धरला नाही. इतक्या आनंदात होत्या की हट्ट धरवला नाही. रोज सकाळी उठून फळ बघून यायच्या. त्र्यंबकरावांनी आणलेला डाळिंबी खण घडी मोडून परत परत बघायच्या. तांदूळ स्वतः निवडून ठेवले, घमेल्यात लावलेली हळद उकरून हळकुंडं उकडून वाळवली. अंबूबाईला सांगून टाकलं, तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं. कुणी नाक मुरडलं असेल तर मुरडलं.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, ट्रेझरीतले दोघे जण त्र्यंबकरावांना टांग्यातून घेऊन आले. टेबलावर मान टाकली ती उचललीच नाही, असं ते सांगत होते. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. काकूंनी रडारड केली नाही. त्या फक्त त्यांच्या कोटाच्या बाहीवरची शाई पुसायचा प्रयत्न करत होत्या.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्याकडं गेले. त्या परड्यात धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. झाडाला दोन आठवडे कुणी हात लावला नव्हता. सगळ्यात मोठं फळ पिशवीतच उकललं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पदर पसरला. मनात येईल ते करायचं असा माझा स्वभाव. पण त्या दिवशी मी खूप विचार करून बसले होते. अंबूबाई दूध घालायला आली होती. तिला न सांगता समजलं. ती दाराकडं जात म्हणाली, "भरा की काकू! कोण बघाय आलंय हितं? म्या दाराम्होरं हुबी ऱ्हाते. कोण येतंय बघतेच."

काकूंनी माझ्या पदराकडं बघितलं. दोन्ही हात जरासे पुढं आले. बोटांत माती होती, नेहमीसारखीच. मग त्यांनी ते हात परत मांडीवर ठेवले.

"नको. आता तर मुळीच नको. तेव्हा लोक म्हणत होते, आता माझंच मन घेत नाही. तुझ्या पोटातल्याला काही झालं तर मी काय करू?"

"काही होत नाही, काकू."

"ते तू म्हणतेस." थोडा वेळ त्या झाडाकडं बघत राहिल्या. मग एकदम माझ्याकडं वळून, अगदी खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्या शुक्रवारी कच्चंच तोडलं असतं तर काय बिघडलं असतं गं? ओटीतलं फळ कुणी लगेच चाखून बघतं का?"

पदर धरून मी तशीच बसून राहिले.