भिंतीवरचा वसुदेव

गॅसवर काळ्या चहाचं पातेलं उकळतंय आणि त्यात आइस्क्रीमच्या शे-दोनशे काड्या बुडवून ठेवल्यात... कुवेतमधल्या अबू हलीफातलं माझं लहानपण आठवलं की आधी हा वास येतो – कडू चहाचा, ओल्या लाकडाचा आणि खिडकीतून आत शिरणाऱ्या खाऱ्या, दमट हवेचा. पातेलं शेजारच्या योसेफ अंकलचं. काड्या मात्र आम्ही मजल्यावरच्या पोरांनी, अगदी कर्तव्य म्हणून आइस्क्रीम खाऊन, जमवलेल्या.

अंकल मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात बाबांबरोबर कामाला होते. आल्प्समधल्या कुठल्याशा दरीतलं त्यांचं गाव. साठीला टेकलेला, एकटा, फार न बोलणारा माणूस. शुक्रवारी सुट्टी असली की ते अल-राई भागातल्या गोदामांबाहेर टाकून दिलेल्या पेट्यांच्या फळ्या उचलून आणत आणि जेवणाच्या टेबलावर आपलं गाव बांधत बसत. दगडी जोत्यावरची लाकडी घरं, दारावरच्या तुळईत कोरलेली बांधणाऱ्याची अक्षरं, वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून वर ठेवलेले गोटे. आणि धान्याची कोठारं तर चार खांबांवर उभी, प्रत्येक खांबावर एकेक सपाट दगडी चकती. “उंदीर चढतो आणि इथे डोकं आपटून परत जातो,” असं म्हणून अंकल स्वतःच खुदकन हसत. तिकडचं लाकूड उन्हापावसाने काळं पडतं, म्हणून छपराच्या काड्यांना हा चहाचा काढा. नाशिकजवळचं माझं स्वतःचं गाव मला वर्षातून महिनाभर दिसायचं. सांगायला लाज वाटते, पण गाव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही अंकलच्या टेबलावरचंच येतं.

मधोमध चर्च होतं, निमुळत्या मनोऱ्याचं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर बोटभर उंचीचं चित्र – एक धिप्पाड माणूस, हातात काठी, खांद्यावर लहान मूल, गुडघ्यापर्यंत नदीचं पाणी. चार केसांच्या कुंचल्याने ते रंगवायला अंकलना अख्खा हिवाळा लागला होता. हा त्यांच्याकडचा वाटसरूंचा संत; प्रवासाला निघताना त्याच्याकडे बघून निघायचं, म्हणजे वाटेत काही वाईट होत नाही, अशी त्यांच्या गावची समजूत.

आईने ते पहिल्यांदा पाहिलं आणि हात जोडले. “अगोबाई, हा तर वसुदेव! कृष्णाला घेऊन यमुना ओलांडतोय.” मग तिने आपल्या इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत कंसापासून सगळी गोष्ट सांगितली. अंकलनी ती काम बाजूला ठेवून ऐकली आणि विचारलं, “मग पुढे त्या पोराचं काय झालं?”

त्या वर्षी आईने ठरवलं, गणपतीपुढे गोकुळ मांडायचं. अंकल आपलं गाव दोन्ही हातांवर तोलत स्वतः घेऊन आले. “बघ हं, त्यांच्या वस्तूला धक्का लागता कामा नये,” आईने मला बजावलं आणि ती मोदकांच्या उकडीकडे वळली. मी दहा वर्षांची. प्लॅस्टिकच्या गायी मांडल्या, हिरवा कागद अंथरला... पण भिंतीवरचा वसुदेव मला खटकू लागला. टोपली नाही, शेषाचा फणा नाही, हा कसला वसुदेव? मी बाबांच्या पेटीतले ऑइलपेंट काढले. गुळगुळीत भिंतीवर रंग बसेना, तेव्हा पॉलिशपेपर घेतला आणि आधीचं सगळं घासून काढलं. मग झकास चित्र काढलं – मिशा, मुकुट, टोपली, निळा बाळकृष्ण.

आरतीच्या आधी आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “अगं, हे काय करून ठेवलंस!” पण तोवर पाहुणे येऊ लागले होते आणि जो तो माझं कौतुक करत होता. मग अंकल आले. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून ती भिंत जवळून पाहिली.

“हे कुणी केलं?”

“मी! आय डिड इट!”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हात चांगला आहे तुझा,” म्हणाले. दोन मोदक खाल्ले आणि गेले.

“जा, सॉरी म्हणून ये,” आई म्हणाली. “बट ही लाइक्ड इट!” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. मी “उद्या” म्हटलं. विसर्जनानंतर अंकलनी ते गाव परत नेलं नाही, तुमच्याकडेच राहू दे म्हणाले, आणि मूर्ख मी, मला ते बक्षीस वाटलं. चार महिन्यांनी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी हात हलवत उभी होते. एवढासा शब्द, तो तेवढा राहिला.

आई-बाबा आता नाशिकला असतात. मी इथेच, कुवेतमध्ये, डॉक्टर आहे. ते गाव माझ्या कपाटावर आहे. गेल्या हिवाळ्यात अंकलच्या भाचीची ईमेल आली, बाबांकडून पत्ता घेऊन. अंकल गेले होते. ते तरुण असतानाच हिमकडा कोसळून गावातल्या खऱ्या चर्चची ती भिंत ढासळली होती आणि चित्र नाहीसं झालं होतं. आता गावाला ते पुन्हा काढून घ्यायचं होतं, पण स्पष्ट फोटो कुणाकडेच नव्हता. “मामा नेहमी सांगायचे,” तिने लिहिलं होतं, “ते कुवेतमध्ये एका मुलीकडे आहे, अगदी नीट आहे. कृपया त्याचा फोटो पाठवाल का?”

अगदी नीट आहे! त्यांनी घरच्यांकडेसुद्धा माझी चहाडी केली नव्हती. त्या दिवशी मी फार रडले. मग मिशांच्या वसुदेवाचा फोटो काढला आणि दहाव्या वर्षी म्हणायचं राहिलेलं सगळं लिहून पाठवलं.

तिचं उत्तर आलं, त्यात राग नव्हता. चित्रकाराला फक्त एक गोष्ट हवी होती. गावातल्या म्हाताऱ्यांचं त्यावर एकमत होत नव्हतं, तेव्हा तुम्हाला आठवतं का – तो माणूस खांद्यावरच्या मुलाकडे बघत होता, की पलीकडच्या काठाकडे?

मी डोळे मिटून बसले. उंदरांच्या चकत्या आठवल्या, तुळईवरची अक्षरं आठवली, छपराची काडी न् काडी आठवली... तिला खरं तेच कळवलं, की मला आठवत नाही. तो चेहरा मी माझ्या हातांनी घासून काढला, आणि त्याआधी एकदाही नीट पाहिला नव्हता.