बिनदिव्यांची रॅम

तुळजापुरात आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. नवरा कॅमेरा सांभाळतो आणि घरच्या कॉम्प्युटरवर फिल्म जुळवायचं काम माझं. ढोकीच्या एका लग्नात वरातीला तेरखेड्याहून बाण-फटाक्यांचं दारूकाम आणलं होतं. आभाळभर रोषणाई! नवऱ्यानं ती झकास टिपली, पण माझ्याकडं आल्यावर कॉम्प्युटर तिथंच अडकायला लागला. एक बाण वर जायचा आणि हवेतच थांबायचा.

नवीन मशीन घेणं जमणारं नव्हतं. मग मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जरा जास्त पळवायचं. तो तापू नये म्हणून मोठा पंखा आधीच बसवला होता. आता चालू काम धरून ठेवणारी रॅमही नवी हवी होती, पण स्वस्तातली.

आम्ही सोलापूरला गेलो. दुकानदारानं काचेवर दोन डबे ठेवले. एकातल्या रॅमवर रंगीत दिवे होते. नवरा हरखलाच.

"अगं, ही घेऊ. बघ कशी झगमगते!"

"अहो, कॉम्प्युटर टेबलाखाली असतो. झगमगाट बघायला खाली कोण वाकणार?"

दुकानदार हसला. मग मी त्याला माझं काम सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग साधीच न्या. फक्त एक मोठी घेण्यापेक्षा एकसारख्या दोन लावा. दोघी मिळून काम वाटून घेतात." एकाच पाकिटातल्या दोन साध्या हिरव्या पट्ट्या मी उचलल्या. नवरा बस मिळेपर्यंत त्या दिव्यांचंच बोलत होता.

घरी आल्यावर पट्ट्या बसवल्या. प्रोसेसरचा वेग थोडा थोडा वाढवत नेला, दर वेळी तापमान बघितलं. सगळं सुरळीत. तिथंच थांबायचं होतं, पण मला हाव सुटली. रॅमचा वेगही वेष्टनावर लिहिला होता त्याच्या बराच पुढं नेला आणि मशीन परत चालू केलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच.

सासूबाई दारात आल्या. "काय गं, बंद पडलं व्हय?"

"उठतच न्हाय, आई."

"दमलं असंल. लई पळीवता त्येला तुमी."

मी वायर काढली, आतली बटणाएवढी बॅटरी काढली, जरा वेळ थांबून परत बसवली. म्हणजे मशीन आपल्या सगळ्या सेटिंग विसरतं. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली! फक्त तारीख कितीतरी वर्षं मागं गेली होती, आमच्या लग्नाच्याही आधी.

नवरा वाकून बघत म्हणाला, "बरं झालं. अजून विचार करायला वेळ हाय."

"मग करा की! आईंना सांगू का?" तसा तो चहा करायला पळाला.

रॅम मी वेष्टनावरच्या वेगावरच ठेवली आणि प्रोसेसरचा वेग तेवढा परत वाढवला. दुपारभर मशीन कामाला जुंपलं, मध्ये मध्ये हात लावून बघत राहिले. एकदाही अडकलं नाही. दारूकाम आता सरसर वर जायचं आणि फुलायचं.

फिल्म न्यायला नवरदेवाचे वडील आले. खुर्चीत ताठ बसून बघत होते. रोषणाईच्या उजेडात एक फेटेवाला गडी दोन्ही हात वर करून बेभान नाचताना दिसला, तसे ते पुढं सरकले.

"थांबा, थांबा! ह्यो कोण?"

"तुम्हीच की, काका."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, घरी व्हिडिओ कॉल लावला आणि तो स्क्रीनसमोर धरून ओरडले, "अगं, समद्यास्नी बोलाव! म्या नाचतोय बघ!"