बाकाची चावी

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात आणि चाव्या बनवतात. त्यामुळे संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे, असं मी लग्नानंतर दहा वर्षं स्वतःला समजावलं. मग नाद सोडला. आमच्या घरात चोरून नेण्यासारखं काही नाही, तरी दाराला तीन कुलपं. एखाद्याने वाटेत "बरे आहात ना?" असं विचारलं, तर तो वळणाआड जाईपर्यंत थांबून मला म्हणणार, "याला आजच माझी काळजी का गं?"

आमची टपरी फुटपाथवर, एका दुकानाच्या भिंतीला टेकून आहे. अर्ध्या भागात ह्यांचं चाव्या कापायचं यंत्र, अर्ध्यात माझं शिलाई मशीन. पुढे चौघांना पुरेल असा लाकडी बाक. चावी होईपर्यंत गिऱ्हाइकाने टेकावं म्हणून ठेवलेला, पण चावीशी काही देणंघेणं नसलेलेच तिथे जास्त बसायचे. दवाखान्यातून परतणाऱ्या आजी, ड्यूटी संपलेली नर्स, घरी भांडून आलेले एक गृहस्थ. अख्ख्या रस्त्याच्या उठाठेवी तिथे चालायच्या आणि माझ्या मशीनचा आवाज कोणाला ऐकूसुद्धा यायचा नाही.

टपरी बंद करताना बाक भिंतीला उभा करायचा, साखळी घालायची, कुलूप लावायचं. त्या कुलपाच्या दोनच चाव्या. एक ह्यांच्या कमरेला, दुसरी पोस्टमनभाऊजींकडे. भाऊजी ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, आता निवृत्त. सकाळी सहाला फिरून यायचे, कुलूप काढायचे, बाक मांडायचे आणि आम्ही येईपर्यंत पेपर वाचत बसायचे. जगात ह्यांनी आपण होऊन कोणाला चावी दिली असेल तर ती त्यांना. मलासुद्धा कपाटाची मागून घ्यावी लागली होती.

मग पालिकेने फुटपाथ मोकळे करायचे ठरवले. भिंतीपासून ठरावीक अंतरावर पिवळी पट्टी मारली. सामान पट्टीच्या आत हवं. बाहेर दिसलं की नोटीस, आणि तिसऱ्या नोटिशीला टपरीचा परवाना रद्द. आमचा बाक बरोबर आत बसत होता. मी म्हटलं, चला, सुटलो.

दोन महिन्यांनी पालिकेचे साहेब टेप घेऊन आले. बाकाचा पाय पट्टीच्या चार बोटं बाहेर. पहिली नोटीस. ह्यांनी भाऊजींना सांगितलं, "अरे, जरा आत मांडत जा." ते म्हणाले, "मी रोज त्याच फरशीवर मांडतो रे. पण बरं, घेतो आत." आणि घेतलाही. तीन आठवड्यांनी साहेब परत आले. पुन्हा चार बोटं बाहेर. दुसरी नोटीस.

त्या दिवसापासून ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. आधी शेजारच्या भांडीवाल्यावर संशय, मग नर्सवर, की ती बसताना बाक ओढते. शेवटी म्हणाले, "कुलूप शाबूत आहे. म्हणजे ज्याच्याकडे चावी, त्याचंच काम." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" तर म्हणाले, "त्याचा जावई मागे विचारत होता, ही जागा कशी मिळाली म्हणून. आठवतं?"

मला आठवत होतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. जावई बेकार होता, जागा मोक्याची होती. परवाना गेला तर आमच्या दोघांच्याही हातचं काम जाणार होतं, आणि माणूस घाबरला की त्याला सगळंच जुळताना दिसतं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाक भरलेला असताना, हे भाऊजींसमोर उभे राहिले. "जावयासाठी जागा हवी होती तर तोंडाने मागायचीस. असं बोटाबोटाने का ढकलतोस आम्हाला?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत असल्यासारखं केलं. त्यांनी पेपरची घडी केली, खिशातून चावी काढून काउंटरवर ठेवली आणि गेले. आजी उठल्या. नर्सही उठली. ज्या बाकावर असं बोललं जातं तिथे कोण कशाला बसेल? दोन दिवसांत बाक ओस पडला. तिकडे साहेबांचा निरोप आला, गुरुवारी येतो.

बुधवारी मी मशीनवर बसले होते आणि बाकावर कोणी नव्हतं. एरवी समोर पायच पाय असायचे, पट्टी कधी अख्खी दिसायचीच नाही. आज दिसली. आणि मी कपडे शिवणारी बाई, मला वाकडी शिवण लांबून कळते. भांडीवाल्याच्या दारातून पट्टी सरळ येत होती आणि आमच्या टपरीपाशी तिरकी होऊन आत शिरत होती. उठले, माझी टेप लावली. भिंतीपासून भांडीवाल्याकडे जेवढं अंतर, त्यापेक्षा आमच्याकडे आठ बोटं कमी.

आमच्यासमोर दोनदा खणलं होतं. एकदा पाइपसाठी, एकदा केबलसाठी. दोन्ही वेळा आमच्या सुट्टीच्या दिवशी फरशा परत बसवून कामगारांनी पट्टी अंदाजाने ओढली होती. बाक बाहेर सरकलाच नव्हता, पट्टी आत आली होती. आम्ही बाकावर, माणसांवर, कुलपावर संशय घेतला. पट्टीवर घ्यायचं कोणालाच सुचलं नाही.

गुरुवारी साहेबांनी स्वतः मोजलं, खजील झाले आणि दोन्ही नोटिशी रद्द केल्या. टपरी वाचली. ह्यांनी यंत्र बंद केलं, चावी घेतली आणि म्हणाले, "चल."

भाऊजींनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी माफीसुद्धा मागितली. ह्यांच्या तोंडून ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मग चावी पुढे केली.

"राहू द्या तुमच्याकडेच," भाऊजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "उद्या परत काही सरकलं, तर माझ्याकडे चावी नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, त्याचं ठीक आहे. त्याचा स्वभाव मला माहीत होता."

आणि दार हळूच लावून घेतलं. पुढचं बोलायची गरजही नव्हती. घरी येईपर्यंत माझी मान वर झाली नाही.

आता आजी परत येतात. नर्सही येते. भाऊजी फिरायला जातात ते समोरच्या फुटपाथवरून. हे सहाला जाऊन बाक मांडतात आणि एका टोकाला बसतात.

परवा टपरी बंद करताना बघितलं, ह्यांनी साखळी घातली पण कुलूप लावलं नाही. मी म्हटलं, "अहो, बाक जाईल की."

"जाऊ दे," म्हणाले. "तो आलाच कधी, तर त्याला चावी लागायला नको."