खिडकी लाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नॉटिंगहॅमच्या आम्हा मराठी मंडळींत स्वतःच्या चुकीचं खापर कधीच दुसऱ्यावर न फोडणारा माणूस एकच, आमचे भूलतज्ज्ञ काका. आणि त्यांच्या या गुणाचा फायदा मी घेतला.

काकांनी तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत माणसांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर यंत्रांना जागवायला घेतलं. परसातल्या ग्रीनहाऊसमध्ये सांगलीच्या बियांचा, पुरुषभर उंचीचा कढीपत्ता होता. त्याच्या दिमतीला हीटर, पंखा आणि छताची खिडकी, आणि या तिघांवर हुकूम चालवणारं काडेपेटीएवढं सर्किट आइस्क्रीमच्या डब्यात. तो डबा जगातल्या प्रत्येक फोनला आणि टॅबलेटला जोडला जावा, एवढीच काकांची इच्छा. चहाला आलेल्या पाहुण्याकडे ते कपाआधी फोन मागत. या जोडणीला ते सोयरीक म्हणत. एका बाईंचा फोन काही केल्या जुळेना, तेव्हा पत्रिका जमत नाही असं गंभीरपणे सांगून पुढच्या वेळी नवऱ्याचा आणा म्हणाले. बॉयलर बघायला आलेला इंग्रज प्लंबरसुद्धा कढीपत्त्याचं तापमान खिशात घालून गेला. मग गारठा पडला की तो काळजीने मेसेज करायचा म्हणे. स्क्रीनवर मात्र इंग्रजी अक्षर चालायचं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, इंग्रजी काकूला कळतं. झाडाला नाही कळत."

स्क्रीनवरच्या बटणांचा प्रोग्रॅम मी लिहिला. हीटर लाव म्हणजे चालू, पंखा लाव म्हणजे चालू. त्याच ओघात ‘खिडकी लाव’लाही मी चालू जोडून टाकलं. आणि खिडकीची मोटर चालू झाली की खिडकी उघडते. दिवा लावतात तो पेटतो आणि खिडकी लावतात ती मिटते, हे माझ्या आईला मला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. पण इतकी वर्षं ऑफिसात इंग्रजीतच विचार करून माझ्या ते ध्यानातच आलं नाही. खिडकी तपासायचीही राहिली. बाहेर थंडी होती, आणि उगाच उघडू नका असं काकूंनी बजावलं होतं.

जानेवारीत दोघं मेडनहेडला मुलीकडे गेले. हिमाचा इशारा आला तेव्हा काकांनी खात्रीसाठी तिथूनच ‘खिडकी लाव’ दाबलं आणि निश्चिंत झाले. तीन दिवसांनी परतले तर खिडकी सताड उघडी आणि झाड काळं ठिक्कर. त्यांनी मला बोलावलं. काका चहा करायला आत गेले, तेवढ्यात मी लॅपटॉप जोडून चूक पाहिली, दुरुस्त केली, आणि ते आल्यावर त्यांच्याच हातून बटण दाबून घेतलं. खिडकी निमूटपणे मिटली.

"म्हणजे बोट माझंच शेजारच्या ‘उघड’च्या बटणावर पडलं," काका म्हणाले. मी लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. मग काका झाडाकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "बरं झालं, टेबलावर पेशंट नव्हता."

त्यानंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गोळ्यांच्या डब्या काकूंकडून दोनदा वाचून घेतात, गॅस बंद आहे ना हे तिसऱ्यांदा विचारतात. मी कढीपत्त्याचं नवं रोप नेलं तर म्हणाले, "तुझ्याकडेच ठेव, बाबा. माझा काही भरवसा नाही." ते आमच्या स्वयंपाकघरात आहे, हातभर झालंय. दर रविवारी काका त्याची फोनवर चौकशी करतात, आणि मी पानं मोजून सांगतो.

बोट त्यांचं चुकलं नव्हतं, प्रोग्रॅम माझा चुकला होता. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.