जोतीरामची बादली

कळस गावच्या जोतीरामला दुसऱ्याच्या घरातली अडगळ दिसली की पंगतीत जिलेबीचं ताट दिसल्यासारखा आनंद व्हायचा. घरचं उसाचं रान, वडील तात्या कारखान्याचे सभासद, सगळं झकास चाललेलं. पण ह्याचा जीव उसात कधी रमलाच नाही. ऊस आज तोच, उद्या तोच. बंद खोलीचं तसं नसतं. तिच्यात काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं, कित्येकदा खुद्द मालकालाही नसतं. म्हणून पठ्ठ्याने जुनी पिकअप घेतली आणि इंदापूर-बारामतीकडच्या लोकांचे माळे, कोठीच्या खोल्या, बंद पडलेली दुकानं रिकामी करून द्यायचा धंदा मांडला.

रिकामं केलेलं घर तो धुऊनही द्यायचा, आणि ती त्याची खास अक्कल होती. धुवायला बाहेरून थेंबभर काही आणायचं नाही. घरात सापडलेलं अर्धमुर्धं फिनेल, साबणाचा चुरा, कसल्या कसल्या बाटल्यांचा तळ, सगळं एका बादलीत ओतायचं, वर पाणी सोडायचं आणि खराट्याने फरशी घासायची. "घराचं घरालाच लावायचं," असं गिऱ्हाइकाला मोठ्या ऐटीत सांगायचा. फरशी चमकायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि जोतीराम त्याहून खूश.

खूश नव्हती ती त्याची बायको राजलक्ष्मी. फोन घेणं, कामं ठरवणं तिच्याकडे. गाडी चालवायला जोतीरामचा चुलतभाऊ रणजित होता. इंदापुरातल्या एका कामावर त्याच्या पायात चपलेसकट खिळा घुसला, तेव्हा राजलक्ष्मीने दवाखान्याच्या पायरीवरच नवऱ्याला सुनावलं होतं, "परत कुणाला काय झालं तर गाडी इकायची आन् गुमान तात्यांच्या हाताखाली उसात उतरायचं. मी दुसऱ्यांदा सांगणार न्हाय."

उसात उतरण्याच्या नुसत्या कल्पनेने जोतीरामला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तो बारामतीला जाऊन सगळ्यांसाठी गमबूट, रबरी हातमोजे, मास्क आणि पिवळी हेल्मेटं घेऊन आला. मग त्या वस्तूंच्याच प्रेमात पडला. हेल्मेट घालून जेवायला बसायचा. "आता काय बिशाद हाय कुणाची," म्हणायचा. त्याला वाटायचं, सुरक्षितता म्हणजे अंगावर चढवायची गोष्ट. एकदा चढवली की आत डोकं वापरायची गरज नाही.

अशात बारामतीतल्या भानुदासरावांचं काम आलं. भानुदासराव बँकेतून निवृत्त झालेले. जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायचं होतं. कऱ्हाटीला त्यांची डाळिंबाची बाग, त्यामुळे घराच्या मागच्या अंगाला बागेचंही सामान कोंबलेलं. ते स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"जोतीराम, सोनंनाणं निघालं तर हाक मार बरं का."

"सायेब, निघालं तर पयली हाक रणजितला. गाडी चालू कर म्हणून!"

काम रंगात आलं. राजलक्ष्मी आज मुद्दाम बरोबर आली होती, हेल्मेटं खरंच डोक्यावर असतात की पिकअपच्या सीटवर, ते बघायला. माळ्यावरून तांब्याचा बंब निघाला, मुलांची तुटकी सायकल निघाली, आणि एका ट्रंकेत भानुदासरावांच्या वडलांचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, छप्पन सालचा नागपूरच्या धम्मदीक्षेचा फोटो निघाला. तो पुसून हातात दिल्यावर भानुदासरावांनी कपाळाला लावला. जोतीरामला असे क्षण फार आवडायचे. तो आतबाहेर नाचत होता, "मावशी, तुमच्याकडं काय निघालं? सांगा की!"

मावशी म्हणजे छबूबाई. कपडे, गोधड्या, भांडी निवडायचं काम त्यांचं. सगळ्यात मागच्या खोलीत त्या गोधड्यांच्या ढिगात बसल्या होत्या आणि धूळ बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं. "तुझ्या बारशाचं टोपडं निघालंय," त्या आतून ओरडल्या. "ये घाल!"

पुढच्या खोल्या रिकाम्या झाल्या तसा जोतीराम बादलीकडे वळला. घर पाडायचं असलं तरी धुतल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातच न्हाणीघर होतं. तिथे बादली ठेवून त्याने विहिरीत टाकायच्या ब्लिचिंग पावडरच्या पोत्याचा तळ तिच्यात झाडला. थोडं फिनेल ओतलं. मग लेबल गळून गेलेला एक निळा कॅन हाती लागला. ड्रिपच्या नळ्यांतला क्षार काढायला बागवाले जे ॲसिड सोडतात ना, ते. जोतीरामच्या घरी उसाला ड्रिप होतं, कॅन त्याने शंभरदा पाहिला असेल. पण हातमोजे चढवलेला माणूस वास घेऊन बघत बसत नाही. त्याने बूच काढलं आणि ओतलं.

बादली खदखदली. पिवळट हिरवा धूर काठावरून खाली उतरला आणि फरशीवरून सरकू लागला. जोतीरामच्या घशात कुणी मिरच्यांची धुरी घातल्यासारखं झालं. तोंडाला मास्क होता, पण तो धुळीचा. धुराने त्याला विचारलंसुद्धा नाही.

"भायेर! समदे भायेर!" तो खोकत, ठेचकाळत अंगणात आला. रणजित बाहेर, राजलक्ष्मी बाहेर, भानुदासराव तर खुर्चीसकट फाटकापाशी. आणि मग जोतीरामने माणसं मोजली.

"मावशी!"

मागच्या खोलीतून बाहेर यायला तो बोळ सोडून दुसरी वाट नव्हती. जोतीराम टॉवेल तोंडाला गुंडाळून आत धावला, तर राजलक्ष्मीने त्याची कॉलर अशी धरली की गुंडी तुटून उडाली.

"आत जायाचं न्हाय!"

"अगं, मावशी हाय आत!"

"मग दोघं मराल! खिडकीकडनं चला!"

सगळे घराला वळसा घालून मागे पळाले. रणजितने हेल्मेट काढून खिडकीच्या काचेवर हाणलं. हेल्मेटाचा तेवढा उपयोग झाला. आतून छबूबाईंचा खोकला ऐकू आला.

"मावशी, दार उघडू नका!" राजलक्ष्मी गजांना तोंड लावून ओरडली. "दाराच्या फटीत गोधड्या कोंबा! समद्या कोंबा!"

"आगं, चांगल्या हायेत गं त्या..."

"कोंबा म्हणते ना!"

गोधड्या कोंबून होईपर्यंत धूर खोलीत शिरलाच होता, पण तो जमिनीशी रेंगाळत होता. राजलक्ष्मीच्या ते ध्यानात आलं. "आता ट्रंकेवर चढा! खाली बसू नका! तोंड हिकडं, खिडकीत!" छबूबाई ट्रंकेवर चढल्या, गजांत नाक घातलं आणि डोळ्यांतून पाणी गाळत पहिला श्वास घेतल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, "कुठं हाय तो मुडदा?"

मुडदा दोरखंड बांधत होता. एक टोक गजांना, दुसरं रणजितने मागे आणलेल्या पिकअपला. "रणजित, घे!" गाडी गुरगुरली, चाकांनी माती उडवली. गजांनी कुरकुर केली, चौकट हलली. "अजून! अजून! वढ!" एकदम कडाडून चौकट, गज, भिंतीचा टवका असं सगळंच अंगणात आलं. भानुदासराव फाटकातून ओरडले, "पाडा, पाडा! नाहीतरी पाडायचंच आहे!" आणि जोतीरामने हात पुढे करून छबूबाईंना लहान पोरासारखं बाहेर उचलून घेतलं. त्यांनी त्याला वरच्या वर दोन रट्टे दिले. ते खाताना त्याला जितका आनंद झाला तितका कुठल्या ट्रंकेने कधी दिला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी छबूबाईंना नाकाला ऑक्सिजन लावून संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. जिवावरचं टळलं, पण लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले. भानुदासरावांनी फोन करून अग्निशमनवाल्यांना बोलावलं. घरात त्यांच्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. जोतीराम खाटेच्या पायथ्याशी उभा. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि न सांगता राजलक्ष्मीच्या हातावर ठेवली.

"ठरलं होतं तसं," तो म्हणाला. आवाज बसला होता. धुराने की कशाने, कोण जाणे.

राजलक्ष्मीने किल्लीकडे पाहिलं, मग खाटेकडे. "ज्यांना झालं त्यांनी सांगायचं. मावशी, इकू का गाडी?"

छबूबाईंनी मास्क बाजूला सरकवला. "इकतीस कशाला? घरी बसून मी काय सुनंचं तोंड बघू? हितं रोज नवं घर बघाया मिळतंय. गाडी चालू ठेव. ह्याला बंद कर."

"मला?"

"तुला. घरात शिरल्यावर आधी समदी दारं-खिडक्या उघडायची. बाटल्या, डबं, कॅन हाय तसं अंगणात मांडायचं. कशात काय हाय ते मालकाला इचारायचं. ज्याचं नाव मालकाला सांगता येत न्हाय, त्याचं बूच कुणी काढायचं न्हाय. फरशी निस्त्या पाण्यानं. आन् एकट्यादुकट्यानं दार लावून बसायचं न्हाय, म्या बी न्हाय."

"कबूल!" जोतीराम असा ओरडला की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला. "समदं कबूल! मावशी, तुमचं पाय कुठं हायेत?" पाय सापडेपर्यंत सिस्टर आली आणि तिने त्याला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं. "हे तुमचे कोण?" तिने छबूबाईंना विचारलं.

"ह्याच्यामुळंच तर आले मी हितं," छबूबाई म्हणाल्या आणि मास्क परत नाकावर ओढून घेतला.

तेवढ्यात राजलक्ष्मीचा फोन वाजला. लोणी भापकरहून कुणाला तरी कोठीची खोली रिकामी करून हवी होती. दाराच्या काचेला नाक लावून जोतीराम बाहेरून खुणा करत होता, कोण हाय, काय म्हणतंय. राजलक्ष्मीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"व्हय, करतो की रिकामी," ती फोनवर म्हणाली. "पण आधी मला सांगा, ड्रिपचं ॲसिड कुठं ठेवलंय?"