मामूंचा तीन बटणांचा खोका

मामू माणसांशी कधी भांडले नाहीत. त्यांचं भांडण असायचं ते स्वतः बनवलेल्या खोक्याशी. "हरामखोर, काल तर बरा होतास की," असं ते त्याला भर कार्यक्रमात सुनवायचे आणि आमचं भजनी मंडळ खोळंबून बसायचं. तुळजापूरच्या स्टँडामागं त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, गावोगावी सभा-सप्ते वाढले होते, त्यामुळं मामूंना मागणी फार. मी पेटी वाजवायचो आणि त्यांच्यापायी माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

त्या लाकडी खोक्याला तीन बटणं होती. एक पुरुषांकडच्या कर्ण्याचं, एक बायकांकडच्या. तिसरं होतं आमच्या बुवांच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरचं. "गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू आला पायजे, न्हाय तर त्यो सुरातनं सुटतो," असं मामूंचं म्हणणं. कल्पना नामी, पण तिसरं बटण जरा वर नेलं की माइक शिट्टी मारायचा आणि खाली आणलं की कर्णे घुरघुरायचे. मग सिगडी पेटवा, लोखंड तापवा, डाख द्या. मी म्हणायचो, "मामू, लोक उठून चाललेत." ते मान वर न करता म्हणायचे, "सबूर करा पेटीवाले. घाईनं डाख बसत न्हाय."

एका पावसाळ्यात दुकान बंद ठेवून त्यांनी खोक्याची तार न् तार बदलली. शिट्टी गेली, घुरघुर गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर आता बुवांची तक्रार सुरू झाली. "मामू, माझा मला आवाज येईना बगा." पुन्हा खोका उघडणं आलं. प्रत्येक गावी हेच. मामूंचा खोका लावला की कार्यक्रमाचा विचका, असं लोक उघड बोलायला लागले. आमच्याकडच्या वाशी गावच्या मंडळींनी तर सोलापूरहून दुसरा माणूस आणला.

अणदूरला खंडोबाच्या देवळासमोर दुपारी कार्यक्रम होता. पहिल्याच अभंगाला बुवा थांबले, मामूंकडं बघून त्यांनी कानाला हात लावला. मामूंनी खोका उघडला आणि लोखंड आत घालून बराच वेळ खुडबुड केली. मी वैतागून जवळ गेलो. सिगडीत विस्तव नव्हता, लोखंड गार होतं. आणि बुवांच्या पायाशी तो स्पीकर असा दणदणत होता की माझ्या पेटीचं झाकण थरथरत होतं.

मी मामूंना बाजूला घेतलं. "खोका ठीक आहे, मामू. बुवांचे कान गेलेत."

"हळू बोला," ते म्हणाले. "मला लई दिसांपास्नं ठावं हाय. बुवांचे कान गेले म्हणलं तर उद्यापास्नं त्यांना बोलावणार कोण? गाणं गेलं तर ह्यो माणूस जगायचा न्हाय. खोक्याचं नाव खराब हुतंय, हुऊ द्या."

मग बुवांपाशी जाऊन, त्यांना ओठ दिसतील असे समोर बसून ते म्हणाले, "खोक्यानं दगा दिला, बुवा. आज पेटीवाल्याकडं बघून गावा."

त्या दिवसापासून मी मानेनं सूर दाखवायचो, वर किंवा खाली, आणि बुवा माझ्याकडं बघत गायचे. कार्यक्रम संपला की तेच मामूंची समजूत घालायचे, "मनाला लावून घिऊ नका. यंत्र हाय, बिघडायचंच." मामू मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि बोलताही यायचं नाही.

बुवा शेवटच्या आजारपणापर्यंत गात राहिले. ते गेले तोवर आमच्या मंडळाखेरीज मामूंना कुणी बोलावेनासं झालं होतं. दुकान मोडून ते लेकीकडं सोलापूरला निघाले, तेव्हा खोका माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "ठिवा तुमच्याकडं. लई शिव्या खाल्ल्यात बिचाऱ्यानं."

पुढं एकदा आमच्या भजनाला मी तो जोडला. तिसरं बटण अजून पार वर होतं. खोका पहिल्या फटक्यात लागला. खरखर नाही, शिट्टी नाही. मंडळी कौतुकानं म्हणाली, "शेवटी केला की हो मामूंनी दुरुस्त."

मला इतका संताप आला की त्या दिवशी माझ्या हातून पेटी धड वाजली नाही.